गाळणीतला कापूस

इंजिन मी बिघडवलं आणि नाव वहिनीचं घेतलं. एवढी गोष्ट कबूल करायला मला पुढचा बहार यावा लागला.

वरूडकडे आमची संत्र्याची बाग. भाऊ वारल्यावर ती निम्मी माझी, निम्मी वहिनीची झाली. विहीर आणि तिच्यावरचं डिझेल इंजिन सामाईक राहिलं, डिझेलचं पिंप मात्र ज्याचं त्याचं. एक दिवस माझी पाळी, एक दिवस तिची. आमचं पूर्वीही पटत नव्हतं. आता मधे बोलणारा गेला होता.

डिझेल पंपात जाण्याआधी एका गाळणीतून जायचं. तिच्यात नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, कडं बसायचं, ते डिझेलमध्ये धुऊन पुन्हा लावता येई; किंवा कागदाचं, ते तुंबलं की फेकायचं. अमरावतीच्या दुकानात मी कागदाचं निवडलं, बारीक गाळतं म्हणून. एक जास्तीचं घेऊन ठेवा, असं दुकानदार म्हणाला. मी घेतलं नाही. पिंप हलवून आणलं की गाळ खाली बसू द्यायचा, हेही माझ्याच्यानं होत नसे.

त्या पौषात झाडांचं पाणी तोडून ताण देऊन झाला होता. पाणी सोडलं, झाडं फुलांनी भरली. अशा वेळी पाणी चुकलं की फुलं गळतात. नेमकं माझ्या पाळीला इंजिन धापा टाकू लागलं. गाळणी उघडली तर कागद काळा, चिकट. अमरावतीला जाऊन यायचं म्हणजे पाळी गेली. घरात पिंजलेला कापूस होता. वऱ्हाडच्या माणसाला कापसाइतकं भरवशाचं दुसरं काय वाटणार? मी तो गाळणीत ठासून भरला. इंजिन झकास चाललं. माझी सगळी झाडं भिजली.

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या पहिल्याच ओळीवर ते बंद पडलं.

चार गडीमाणसं विहिरीवर जमली. ती म्हणाली, "तुमच्या पाळीत इंजिन गाते अन् माह्या पाळीत मरते. काहून, भाऊजी?"

मला कापूस आठवला होता. तरी मी म्हणालो, "तुमच्या पिंपात पाणी हाय. बाईच्या हाती इंजिन देल्लं तं असंच होते."

गडी हसले. ती हसणाऱ्यांकडे पाहत राहिली आणि निघून गेली.

मिस्त्री आला तेव्हा मी एकटाच होतो. त्यानं नोझल खोललं आणि सुईच्या टोकानं ओला तंतू बाहेर काढला. "इंजिन हाय हे, समई नाही," म्हणाला. सुटे भाग यायला बरेच दिवस लागले. कापूस मी चुलीत घातला. वहिनीच्या झाडांखाली फुलांचा सडा पडला, तो मी रोज बांधावरून पाहिला. माझी झाडं मात्र वेळेत भिजल्यामुळं लगडली.

तिनं मधल्या बांधावर बाभळीचे काटे रचले. सणाचं ताट येणं थांबलं. मीही तिच्या दारावरून जाताना थुंकत असे, हे लिहायला लाज वाटते. मी ऐकेन अशा बेतानं ती बैलाला म्हणे, "ढवळ्या, तू खोटं बोलत नाहीस. तुले बोलताच येत नाही म्हणून."

पुढल्या बहाराला तिनं इंजिनाला हात लावला नाही. अडगळीतली मोट काढली. मोटेनं निम्मीच झाडं भिजत. उरलेली वाळू लागली. ती भावानं लावलेली ओळ होती. वहिनी त्या ओळीकडे पाठ करून मोट हाकायची. तिनं इंजिन माझ्या त्या वाक्यामुळं सोडलं, आणि ते वाक्य खोटं होतं हे गावात एकट्या मला ठाऊक होतं.

मी अमरावतीहून नमद्याची दोन कडी आणली. एक बसवलं, आटा सैल करून पंपातली हवा काढली. मग त्याच चार गड्यांना विहिरीवर बोलावलं. वहिनीनं मोट थांबवली नाही.

"वहिनी, पिंपात पाणी नव्हतं," मी म्हणालो. "गाळणीत मी कापूस भरला होता. मले ठाऊक होतं, तरी तुमचं नाव घेतलं."

या वेळी कोणी हसलं नाही. तिनं बैल उभे केले.

"मले काहून सांगता? भावाच्या झाडाले सांगा."

मी त्या वाळक्या ओळीत गेलो. झाडाला काय म्हणायचं ते सुचेना. परत येऊन, सगळ्यांच्या देखत, चिखलात तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "माहं चुकलं."