पुराव्याची गरज नाही

शिरगणतीचं काम मला आमच्याच खोऱ्यात मिळालं आणि पहिलंच घर आलं ओलेटा आत्याचं. केंटकीच्या डोंगरातली आमची माणसं वंशाच्या रकान्यात ‘अमेरिकन’ लिहून मोकळी होतात. आत्याला ते खपत नसे. तिच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर, आयर्लंडमधल्या अँट्रिमहून बोटीने आलेल्या पूर्वजापासून सगळ्यांचे जन्ममृत्यू लिहिलेले होते. गेल्या वर्षी पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा ते बायबल आणायला तिचा मुलगा वेंडेल परत आत गेला. ना बायबल सापडलं, ना तो.

“वंश काय लिहू, आत्या?” मी मान खाली घालून विचारलं.

“स्कॉच-आयरिश. पण पुरावा आता कुठून आणू रे?”

“पुरावा लागत नाही. तू सांगशील ते लिहायचं.”

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

“आधीही लागत नव्हता?”

“कधीच नाही.”

आत्याने माझं मनगट करकचून धरलं. “सांगेन ते लिहितोस ना? मग लिही मेल्या, या घरात दोघं राहतात. मी आणि माझा वेंडेल.”