मेमरीत अडकलेली नक्षी

नव्वदीच्या मध्यावर एका गुरुवारी दुपारी भिवंडीतल्या कापड-डिझाइनच्या एका दुकानात कंप्युटर अडकला आणि माझ्या मावसभावाने तो बंद करू दिला नाही. या माणसाने आयुष्यात एकही वस्तू बंद करून दुरुस्त केलेली नाही. मामाच्या हळदीत टेप वाजत असतानाच त्याने त्याचं झाकण काढलं. गाणं चिरकत राहिलं, वऱ्हाड नाचत राहिलं. चालत्या घड्याळात बोट घालून त्याने आमच्या घराची वेळ कायमची पुढे नेली. त्याची आई मिक्सर लावण्याआधी तो कुठे आहे हे पाहून घेई. "बंद वस्तू खोटं बोलते," तो म्हणे. "चालतीला इचारायचं."

दुकानातला नक्षी काढायचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. त्यावर बसणारे चाचा जन्मभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. कापसाच्या धुळीने छाती भरली म्हणून दुकानाच्या शेठने त्यांना इथे आणलं. सोमवारी व्यापाऱ्याला पहिली नक्षी दाखवता आली नाही तर चाचा परत लूमवर, असं ठरलं होतं. चाचांनी दोन दिवस मशीन चालू ठेवून साडीचा काठ काढला आणि एकदाही सेव्ह केलं नाही. "अधूरा ताका कोई उतारता है क्या?" ते म्हणाले. काठ पुरा झाल्यावर त्यांनी सेव्ह केलं आणि पडदा गोठला. नक्षी आता फक्त चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत होती. संध्याकाळी दुरुस्तीसाठी वीज जाणार होती आणि दुकानाची बॅटरी थकलेली होती.

"अरे, बंद करून चालू कर ना!" शेठ म्हणाले.

"हात न्हाय लावायचा, शेठ. जिता हाय तो."

त्याच कंप्युटरला जोडलेल्या शेजारच्या टर्मिनलवर तो एक छोटा प्रोग्रॅम लिहायला बसला. सिस्टीमच्या लायब्ररीत अशी सोय असते, की एका प्रोग्रॅमने दुसऱ्या चालत्या प्रोग्रॅमला धरून थांबवायचं आणि त्याची मेमरी थोडी थोडी वाचून काढायची. धरताना चूक झाली तर तो मरतो आणि मेमरी जाते. चाचा भिंतीला टेकून खोकत होते.

पहिल्या वाचनात पडदाभर शून्यं आली.

"मिट गया, बेटा?"

"न्हाय चाचा. पत्ता चुकला."

आदल्या दिवशी त्याने प्रोग्रॅममध्ये सुधारणा करून तो नव्याने बांधला होता. त्याने वापरलेले मेमरीतले पत्ते त्या नव्यातले होते. चाचांच्या पडद्यावर जुनाच चालू होता.

"वा रे इंजिनियर," शेठ म्हणाले, "स्वतःच्या घराचा पत्ता म्हायत न्हाय!"

तो चाचांकडे वळला. "चाचा, सुरुवात कशी केली?"

"वही, दो धागे ऊपर, दो नीचे. सब वही डालते हैं."

तेवढाच क्रम त्याने सगळ्या मेमरीत शोधायला लावला. बाहेरचे लूम एकेक करत थांबले. दिवे गेले आणि बॅटरी शिटी मारू लागली. मग पडद्यावर आकडे उतरू लागले, दोन वर, दोन खाली, आणि त्यापुढे मोराची मान. त्याने ते फ्लॉपीवर घेतले. फ्लॉपी बाहेर येताच पडदा काळा झाला.

व्यापाऱ्याने सोमवारी काठ पाहिला आणि ठेवून घेतला.

मावसभाऊ पुढे बंगळूरला गेला. चाचा लूमवर परत गेले नाहीत. दुकान कायमचं बंद होईपर्यंत ते त्याच खुर्चीवर बसत होते.