पॅड पांढरं आहे ना?

सकाळी आठला आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही. लेक एक मोजा हातात धरून दुसऱ्याची चौकशी करत होती, नवरा डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत होता आणि माझे कान कुकरच्या चौथ्या शिट्टीकडे होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणीतरी दार ठोठावत होतं.

दारात तळमजल्यावरचे आरसेभाऊ होते. गाडीच्या टपात बघून भांग पाडावा असं पॉलिश करतात, म्हणून सगळे त्यांना आरसा म्हणतात. भाऊ तेवढं मी जोडलेलं. अकरा वर्षांत ते जिना चढून वर आले नव्हते. काम असलं की खालूनच हाक मारायचे. आज त्यांचा डावा हात बेलच्या बटणाच्या शेजारी, चार बोटांवर, भिंतीला टेकलेला होता. बटण चाचपून सापडलं नसावं, हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

"वहिनी, तासभर तुमचे डोळे हवेत."

"नुसते डोळे? बाकीच्या माझं काय करू?"

"बाकीच्याही या," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

"जा तू," आतून नवरा म्हणाला. "चष्मा सापडला की कुकर मी बंद करतो."

"बाबा, डोक्यावर!" लेक ओरडली. मी पायात चपला सरकवल्या.

इमारतीच्या मागच्या बाजूला गाड्यांसाठी दोन गाळे आहेत. त्यातला एक आरसेभाऊंचा. मी तिथून रोज जाते, पण आत पाऊल टाकायची पहिलीच वेळ. घडी घातलेल्या मऊ फडक्यांचे तीन गठ्ठे, एका ओळीत तीन बादल्या, छताला दोन ट्यूबलाइट. खिळ्याला त्यांचं घड्याळ आणि लग्नातली अंगठी लटकत होती, कारण कामात धातूचं काही अंगावर ठेवत नाहीत. चुकून घासलं तर नवा ओरखडा. मध्ये काळीभोर गाडी उभी होती. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची.

"रखवालदाराचे उपकार," आरसेभाऊ म्हणाले. "दोन वर्षं रोज त्याच धुळीच्या फडक्याने गोल गोल पुसली बिचाऱ्याने. प्रेमाने. सगळ्या गाडीवर जाळं."

जाळं म्हणजे उन्हात किंवा दिव्याखाली दिसणारे बारीक गोल ओरखडे, कोळ्याने विणल्यासारखे. ते मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. रंगाच्या वर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो आणि ओरखडे त्या थरात असतात. मशीन त्या थराचा वरचा पापुद्रा घासून सपाट करतं, पण थरच संपला, तर खालचा रंग पॅडवर येतो आणि मग देवाच्या बापालाही तो परत चढवता येत नाही.

मशीन खाली फडक्यावर ठेवलं होतं. भरल्या इस्त्रीएवढं जड, पुढे एकाच दिशेने गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावर स्पंजचं पॅड.

"सगळी गाडी झाली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार राहिलंय. बाई अकराला येणार." त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली. "दारावर जाळं आहे का ते सांगा."

मी बॅटरी दारावर धरली. सरळ, तिरकी, खालून, वरून. काळ्या रंगात बॅटरीचा एकच स्वच्छ ठिपका दिसत होता.

"नाही."

"नीट बघा. मला दिसतंय."

"भाऊ, मी तांदळातले खडे निवडते. नाही म्हणजे नाही."

ते माझ्या खांद्यावरून वाकले. "हे काय मग! ठिपक्याभोवती गोल गोल!" त्यांचा आवाज चढला होता. त्यांच्या बायकोचं बोलणं मला आठवलं. हे हल्ली चहात दोनदा साखर घालतात, म्हणून ती मागच्या आठवड्यात हसत सांगत होती. मला तेव्हा गंमत वाटली होती.

मी बॅटरी गाडीवरून काढली आणि पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उलटी, त्यांच्या तोंडाकडे धरली.

"आता ह्या दिव्याभोवती काय दिसतं?"

ते डोळे बारीक करून बघत राहिले. "जाळं," ते म्हणाले. आणि मग स्वतःच, "दिव्याला कुठे रंग असतो?"

मी बॅटरी बंद केली. बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"ह्या दारावर मशीन किती वेळा फिरवलं?"

"एकदा पुरतं." त्यांनी मान खाली घातली. "मी चारदा फिरवलंय."

दोन महिन्यांपूर्वी एका टॅक्सीच्या बॉनेटच्या कडेला त्यांच्या हातून रुपयाएवढा रंग उडाला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. स्वतःच्या हाताने त्यांनी ते बॉनेट पुन्हा रंगवून दिलं. परगावच्या मुलाने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, आता पुरे." त्यावर आरसेभाऊंनी त्याला शब्द दिला होता की पुन्हा एकदा पॅडवर रंग आला, तर मशीन मी स्वतः भंगारात टाकीन. हे सगळं मला त्यांच्या बायकोकडून कळलेलं. शब्द मोडायची त्या माणसाला सवय नाही, हेही तिचंच म्हणणं.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "पॅड पांढरं आहे ना?"

मी मशीन उलटं केलं. पॅड मुळात पांढरं होतं. आता त्याच्या कडेने काळा पट्टा उमटला होता.

खोटं बोलावंसं वाटलं. खरंच वाटलं.

"काळं आहे," मी म्हणाले. "कडेला. गोल पट्टा."

ते खाली बसले. उलट्या बादलीवर. "वस्तादाने पहिल्याच दिवशी भंगारातलं दार दिलं होतं," ते म्हणाले. "म्हणाला, रंग उडेपर्यंत मशीन लावून जाळ हे दार. मुद्दाम जाळ. एकदा वास नाकात बसू दे. तो वास मला झोपेतही कळतो. आज आला नाही. मग काळं कुठून आलं?"

"कुठे बघू ते सांगा."

"काय उपयोग?"

"अकरा वाजायचेत अजून. कुठे बघू?"

त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी मला त्या दारावरून फिरवलं. "दाराच्या मधून कणा जातो, उंचवटा. थर तिथे सगळ्यात पातळ. वर ट्यूबलाइट आहे, तिची रेघ कण्यावर पडलेली दिसेल. ती धरून चालत जा. रेघ कुठे मळकी झाली, तुटली, विरली की थांबा."

मी रेघ धरली. बिजागरीपासून निघाले. एक वीत, दुसरी वीत. श्वास सोडला की पत्र्यावर वाफ यायची, म्हणून श्वासही धरला. हँडलच्या जवळ रेघ थरथरली. मी थांबले, तर माझंच डोकं हललं होतं. पुढे गेले. शेवटापर्यंत रेघ अखंड होती.

"कण्यावर काही नाही."

"आरशाखाली?"

"नाही."

"खालची कड?"

गुडघे टेकून बघितलं. "नाही. तिथे टेप आहे."

"टेप सगळीकडे आहे. कडा, रबर, सगळं झाकल्याशिवाय मी मशीन हातात घेत नाही."

मी उठले आणि खिडकीकडे बघितलं. पिवळी कागदी टेप सरळ, सुबक लावलेली होती, शाळेच्या वहीला समास आखावा तशी. फक्त ती काचेवर होती. तिच्याखालची काळ्या रबराची पट्टी उघडी होती आणि घासून घासून चकाकत होती.

"भाऊ," मी ओरडलेच, "टेप बोटभर वर लागलीय. हे रबराचं काळं आहे!"

ते उठले. चाचपत आले, पट्टीवरून अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला. रबर. माझ्या जिवात जीव आला, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं काहीच नव्हतं.

"टेप चुकली," ते म्हणाले. "जाळं दिसण्यात कुणीही चुकेल. पण मी टेप चुकलो."

मग त्यांनी फडकं ओलं करून पट्टी पुसली, टेप माझ्याकडून लावून घेतली आणि नवं पॅड चढवलं. हँडलच्या खोबणीभोवती नखांचे खरेखुरे ओरखडे होते, टेप लावताना दिसले म्हणून मीच दाखवलेले. तेवढे काढायचे होते. मशीन घुमायला लागलं, तसा त्यांचा हात बदलला. त्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती. पाच पाच सेकंदांनी ते मशीन उचलून माझ्याकडे वळवायचे.

"पांढरं," मी म्हणायची.

पुन्हा घूं.

"पांढरं."

पुन्हा.

"पांढरं. भाऊ, पुरे आता. ओरखडे गेले."

त्यांनी त्या क्षणी बटण बंद केलं. एकदाही उलटून विचारलं नाही.

बाई अकराला दोन मिनिटं असताना आल्या. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, चष्मा काढला, चष्मा लावला आणि टपात बघून केस सारखे केले. "आरसा तो आरसाच," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, भाऊ, आता गप्प राहिलं तरी चालतंय.

"बाई," आरसेभाऊ म्हणाले, "ह्या दारावर मी गरजेपेक्षा तीनदा जास्त मशीन फिरवलंय. मला नीट दिसत नाही. आज डोळे ह्या वहिनींचे होते. यापुढे ह्या दाराला कुणाला मशीन लावू देऊ नका, माझ्यासकट."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. परीक्षेच्या हॉलमध्ये बघावं तसं. "तेहेतीस वर्षं पोरांना ओरडत आले की चूक कबूल करा," त्या म्हणाल्या. "आज एकाने ऐकलं. तेही पन्नाशी उलटलेल्याने." आणि जाता जाता खिडकीतून, "मोतीबिंदू असणार. माझा काढला तेव्हा मला कळलं, आमच्या घराच्या भिंती पिवळ्या नव्हत्याच. दाखवा हो लवकर."

गाडी गेल्यावर आरसेभाऊंनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि अंगठी बोटात. मशीनची वायर गुंडाळली, मशीन जुन्या टॉवेलात बांधलं आणि ते गाठोडं माझ्या हातात दिलं. मी वजनाने वाकलेच.

"बायकोला आजच सांगतो, मुलालाही," ते म्हणाले. "पण हे घरात असलं आणि गिऱ्हाईक दारात आलं, तर मला नाही म्हणता येणार नाही. वहिनी, एवढं तुमच्या माळ्यावर ठेवा. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत मी स्वतः मागायला आलो तरी देऊ नका."