पायऱ्यांवर पडीक

पडीक हा शब्द आमच्या घरात फक्त पुरुषांसाठी होता, तोही शिवीसारखा. आमचे हे बिलोलीच्या स्टँडवर मित्राच्या पानपट्टीवर असायचे आणि मी भाकरी थापता थापता करवादायचे, "जाऊन बघा, तिथंच असतील पडीक!" बाईसाठी हा शब्द मी एकदाच ऐकला. शेजारच्या ओट्यावर गप्पांत उशीर झाला तेव्हा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "कुठं पडीक होतीस गं?" असा झोंबला की त्यानंतर मी कुणाच्या ओट्यावर बसलेच नाही.

मग पोरीला डॉक्टर व्हायचं म्हणून आम्ही दोघी लातूरला आलो. क्लास लावला, खोली केली की आईनं सोबत जायचं, हे आमच्याकडं ठरलेलंच. ती सकाळीच निघून जायची. दोन माणसांचा स्वयंपाक तो कितीसा? भांडी घासून झाली की मी भिंतीकडं बघत बसायचे. घरी कामातून मान वर काढायला फुरसत नाही, आणि इथं कामच नाही! शेवटी दुपारी डबा द्यायला म्हणून जायचे ती परतायचेच नाही. क्लाससमोर एका बंद दुकानाच्या पायऱ्या होत्या. तिथं माझ्यासारख्याच बायका बसायच्या. एक रेणापूरची, रोज एसटीनं मुलीसोबत येणारी, तोंडानं फटकळ. एक उदगीरची, किराणा दुकानवाल्यांची, सारखी पोराच्या मार्कांनी झुरणारी. भाजी निवडायची, चहा मागवायचा, एकमेकींची टिंगल करायची. कुठं होतीस, इतका वेळ का लागला, हे विचारणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर मला अशी जागा पहिल्यांदाच मिळाली होती. आधी आधी तर भीतीच वाटायची, कुणीतरी येऊन उठवील.

एक दिवस पोरीची मैत्रीण हसत म्हणाली, "काकू तर इथंच पडीक असतात!" माझे कान तापले. खोलीवर गेल्यावर पोरीला झापलं, तर ती म्हणते, "मम्मी, चांगलं असतंय ते. जी लायब्ररीत पडीक, तिचाच नंबर लागतो." हे कधीपासून? रेणापूरवालीला विचारलं, तर ती उखडलीच. "पडीक तर पडीक! कुणाच्या बापाचं खातोत का?" म्हणजे कौतुक, की शिवी, की दोन्ही? मला काही उमगेना. पण दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन जरा लवकरच निघाले.

एकदा हे ज्वारीचं पीठ घेऊन आले. खोलीला कुलूप, म्हणून शोधत पायऱ्यांपाशी आले. "हितं काय करायलीस?"

"बसले."

"कशाला?"

मी बायकांकडं बघितलं, त्या माझ्याकडं. उदगीरवालीनं चहा मागवला. ह्यांनी तो उभ्यानंच प्यायला, पिठाची पिशवी हातात तशीच. बसावं का जावं, त्यांना समजेना, आणि त्यांना बसा म्हणावं का, मला समजेना.

निकाल लागला. पोरीचा मेडिकलला नंबर लागला! आता ती हॉस्टेलला जाणार, म्हणजे खोली सोडायची. मी पायऱ्यांवरच हमसून रडले. रेणापूरवाली म्हणाली, "आनंदाचं हाय, रडू द्या माय." आनंद झालाच होता, देवाशप्पथ. पण रडू त्याचं नव्हतं. या पायऱ्या सुटणार, पुन्हा ते घर, तो उंबरा, म्हणून रडत होते. लेकीचं सोनं झालं आणि आईला कशाचं दुःख, तर पायऱ्यांचं! असं कुठं असतं का?

निघायच्या दिवशी पेढे घेऊन गेले. उदगीरवाली एकटीच बसली होती. तिच्या पोराचं थोडक्यात हुकलं होतं, पुन्हा तोच क्लास. पेढा हातात धरून ती म्हणाली, "सुटलाव ताई तुम्ही. मला अजून एक वर्ष हितंच बसायचं हाय." आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, "जाईल वर्ष, कळणार बी न्हाई," म्हणत राहिले, आणि मला तिचा इतका हेवा वाटत होता की तिच्याकडं बघवेना.