पडद्यावर नसलेला चौथा सुळका

त्याला सगळे हनुवटी म्हणायचे. स्वतःची हनुवटी धड नव्हतीच, पण स्टुडिओत येईल त्याला तीस वर्षं तो एकच सांगत आला, "हनुवटी खाली घ्या, अजून थोडी, बास!" म्हणून हे नाव. बाजारातल्या जिन्याखालची जागा त्याची. पुढे बाकडं आणि आरसा, मध्ये दोन दिवे आणि पडदा, मागे एक माणूस कसाबसा वळेल एवढी डार्करूम.

पडद्यावर डोंगर होता. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने तो काढलेला. मागे बर्फाची रांग आणि पुढे तीन उंच सुळके, एकमेकांकडे पाठ करून उभे. हे ठिकाण खरंच आहे, गाडीने दिवसभराची वाट, मी डोळ्यांनी बघितलंय, असं पेंटर शपथेवर सांगायचा. पेंटरच तो, शपथ घ्यायला त्याचं काय जातंय! हनुवटीच्या बायकोने मात्र पहिल्याच दिवशी त्या सुळक्यांचं बारसं करून टाकलं: तीन जावा. "बघा की, एकीचं दुसरीशी बोलणं नाही, आणि राहायचं मात्र एकाच घरात."

दुकान खरं तर तिच्या बोटांवर चालायचं. हा ते कबूल करेल तर शपथ. कॅमेऱ्यात फिल्म भरायची तिनेच. फिल्मची जीभ समोरच्या रिळाच्या फटीत अलगद सरकवावी लागते, आणि याची बोटं जाड. "बोटं आहेत की केळी?" म्हणत ती कॅमेरा हिसकावून घ्यायची. प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके राहतात, तेही तीच बुजवायची, चार केसांच्या ब्रशने, पातळ काळ्या रंगाने. आणि जोडकाम तर तिचंच. कोणी फोटो न काढताच गेला, की घरचे रडत यायचे. मग ओळखपत्रावरचा चेहरा, दुसऱ्याच कोणाचं कोटातलं धड आणि मागे हा डोंगर, असा फोटो हनुवटी जुळवायचा, आणि मानेवरचा जोड ती असा मिटवायची की मेलेल्याच्या सख्ख्या भावालाही सापडू नये.

तिचा स्वतःचा फोटो? एक नाही. लग्नातसुद्धा या बाबाने पाहुण्यांचे फोटो स्वतःच काढले, मग नवरा-नवरीचा काढणार कोण? एका सरकारी ओळखपत्रावर तेवढी होती, पाकीट हरवल्यासारखा चेहरा करून. हा म्हणायचा, उभी राहा पडद्यापुढे, दोन मिनिटांचं काम. ती म्हणायची, "खोट्या डोंगरापुढे मी उभी राहायची नाही. खरा दाखवा, मग काढा." "बघू," हा म्हणायचा. हे बघू सव्वीस वर्षं चाललं.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन झालं. डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, "पुढच्या हिवाळ्याचं काही सांगता येत नाही." हा घरी आला, चपला काढायच्या विसरून तसाच खुर्चीत बसला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काय ते समजली.

"मग डोंगराचं काय?" ती म्हणाली.

तिचा भाऊ पावाची गाडी चालवायचा. त्याने मागचे कप्पे काढले, गादी टाकली, उशा टाकल्या. पहाटे तिघं निघाले. गाडीला पावाचा वास, आणि तिला कित्येक दिवसांनी भूक लागली. एक पाव तिने नुसताच चावून चावून संपवला, तेव्हा भावाने आरशात बघून गुपचूप डोळे पुसले.

दुपारी घाट चढताना रस्त्याकडेला पहिला खडक दिसला, गोल, फुगलेला. "दाजी, हा तर माझाच पाव!" भाऊ ओरडला. हनुवटीने गाडी थांबवायला लावली. डोंगरावरून ढगाची सावली सरकत येत होती, ऊन पाच मिनिटांचा सोबती. कॅमेरा रिकामा होता.

"द्या इकडे, मी भरते," ती गादीवरून म्हणाली. औषधांनी तिचे हात थरथरत होते.

"राहू दे. भरतो मी."

"डावीकडचं बटण फिरतंय का तेवढं बघा."

फिल्म रिळात अडकली असेल तर पुढच्या फोटोसाठी दांडी ओढल्यावर डावीकडचं बटण आपोआप फिरतं. अडकली नसेल तर ते ढिम्म हलत नाही. एवढं साधं. पण याला ऊन जाताना दिसत होतं.

"तीस वर्षं काय भाजी विकली मी? मला शिकवू नकोस!"

त्याने फटकन झाकण लावलं, फुगलेल्या खडकाचा फोटो घेतला, पुढे दरीचे दोन घेतले, एका भेगाळलेल्या कड्याचे तीन. दर वेळी दांडी ओढली, दर वेळी फोटो मोजणारा आकडा पुढे सरकला. आकडा मेला फिल्म नसली तरी सरकतो.

रात्र एका धर्मशाळेत काढली, आणि सकाळी वळण घेतलं तर काय! समोर तीन जावा. पेंटर खोटं बोलत नव्हता. तांबूस, उंच, अंगावर उभ्या रेघा, एकमेकींकडे पाठ. मागे बर्फ. तिला दोघांनी धरून उतरवलं. ती एकेका सुळक्यावरून नजर फिरवत राहिली. मग एकदम हसली, पोट दाबून हसली.

"अहो, चार आहेत! ती मागे बघा, बुटकी, बसलेली. सासूच ती! पेंटरने सासूला गाळलंय."

खरंच चौथा सुळका होता, ठेंगणा, दोघींच्या मधल्या फटीत दिसणारा. निळा स्वेटर घालून ती त्या चौघींपुढे उभी राहिली. भाऊ धरायला गेला तर तिने त्याला हाकललं. आणि हनुवटी, ज्याने सगळ्या गावाला माना वाकवायला लावल्या, तो तिला म्हणाला, "तू राहा तुला वाटेल तशी." सोळा फोटो काढले. तिचे केस वाऱ्याने तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करतच नव्हती. इतकी सुंदर ती आपल्याला कधी दिसली नव्हती, हे त्याला भिंगातून बघताना कळलं. आता मेलो तरी चालेल, असं त्याला वाटलं. मरायचं कोणाला होतं, आणि वाटत कोणाला होतं!

घरी आल्यावर तो डार्करूममध्ये शिरला आणि फिल्म परत गुंडाळायला घेतली. गुंडाळताना बोटांना ओढ लागते. लागली नाही. डावीकडचं बटण मोकळंच फिरलं, म्हणजे फिल्म रिळात अडकलीच नव्हती. तरी त्याने फिल्म औषधात घातलीच, आशा वाईट. बाहेर काढून दिव्यासमोर धरली. स्वच्छ काचेसारखी पट्टी. पाव नाही, दरी नाही, ती नाही.

तिथेच, टेबलाखाली बसून, त्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतल्या.

परत जायचं म्हटलं तर ती आता बिछान्यातून उठू शकत नव्हती. रोज विचारायची, "धुतले का हो फोटो?" कधी म्हणायचा कागद संपलाय, कधी म्हणायचा औषध शिळं झालंय. आठव्या दिवशी तिने विचारलंच नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

मग त्याने जे येत होतं ते केलं. ओळखपत्रावरून तिचा चेहरा घेतला. जुन्या निगेटिव्हांतून एक स्वेटरवाली शोधली, पडद्यापुढे उभी असलेली, तिच्याच बांध्याची. रोज थोडं थोडं जुळवत चार दिवस खपला. मानेवरचा जोड त्यानेच रंगवला, त्या केळ्यांसारख्या बोटांनी. फोटो सुकला तसा तो घेऊन घरी गेला आणि तिच्या हातात दिला.

तिने तो खिडकीकडे धरला. प्रत्येक प्रिंट ती अशीच बघायची. चेहऱ्यावरून नजर मानेवर गेली, तिथे थांबली. मग तिचं बोट सुळक्यांवर फिरलं. एक. दोन. तीन. बोट तिथेच राहिलं.

"बटण बघितलं नव्हतंत ना?" ती म्हणाली.

तो पलंगाच्या कडेला डोकं टेकून पोरासारखा हमसून रडला. "चुकलं गं माझं. तू सांगत होतीस. तू सांगत होतीस आणि मी..."

"रडू नका. मानेचा जोड किती ढोबळ केलाय! लोक हसतील. ब्रश द्या माझा."

त्याने ब्रश आणला, बशीत रंग पातळ केला, पाठीशी उशी लावली. मनगट त्याने खालून धरलं, तेव्हा कुठे तिचा हात स्थिर झाला. जोड मिटवायला तिला तासभर लागला. दुसऱ्याच बाईच्या धडावर तिने आपली मान स्वतःच्या हाताने बसवली. मधेच थांबून धाप टाकायची, पुन्हा ब्रश उचलायची. तिने आपल्याला शिव्या द्याव्यात, बशी फेकून मारावी, असं त्याला सारखं वाटत होतं. तिने काहीच केलं नाही.

मग ती दोन सुळक्यांच्या मधल्या फटीकडे वळली. तिथे तिने एक बुटकी रेघ काढली, पाठीची. डोक्याशी आल्यावर ब्रश ठेवून दिला.

"सासू उद्या पुरी करते."

तो उद्या आला, पण ती शुद्धीवर आली नाही. चौथ्या दिवशी गेली.

फोटो आता स्टुडिओत, आरशाच्या वर आहे. बाकड्यावर बसलेलं कोणी ना कोणी विचारतंच, "त्या दगडांच्या मागे डाग पडलाय वाटतं? पुसून घ्या की." हनुवटी कॅमेरा उचलतो, दांडी ओढतो, आणि डावीकडचं बटण फिरतंय ना, ते बघतो.