लाईन, आणि वस्तीवरचा एक अर्ज

तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आहे. शालेय शिक्षण नववीत थांबले. तरीही या तालुक्यातील अर्जांना जे वळण आहे ते बव्हंशी मी लावलेले आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. इंग्रजी शब्द मी अर्जात सहसा शिरू देत नाही. अपवाद एका शब्दाचा केला: लाईन.

गिऱ्हाईक नसताना डोळे अर्धवट मिटून मी या शब्दाचा पुष्कळदा विचार करतो. समोर दाखल्यांसाठी माणसे उभी असतात, ती लाईन. लहानपणी कोपरगावकडे उसाच्या फडापलीकडून आगगाडी जायची, तीही लाईनच. वडिलांनी एकदा विचारले, "कंच्या लाईनीला जायाचं ठरवलंस रं?" तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकही धंदा आला नाही. उन्हात थरथरणारे दोन रूळ आले, आणि लांब कुठेतरी ते एकमेकांत विरघळून गेले.

अशाच एका दुपारी सोनईकडच्या वस्तीवरचे एक म्हातारे गृहस्थ टेबलापाशी आले.

"भाऊसाहेब, लाईनीचा अर्ज लिवायचाय."

"कसली लाईन, बाबा?"

"आता काय आगगाडी मागतोय व्हय मी? लाईटीची!"

हकिगत अशी की, त्यांच्या पत्नीला छातीचा आजार होता आणि घरी श्वासाचे मशीन लावलेले होते. वस्तीला मात्र शेतीपंपांची वीज, पाळीपाळीने येणारी. गावातली लाईन वस्तीपर्यंत ओढून मिळावी, एवढेच मागणे.

मी माझ्या शैलीत मसुदा केला: "सदर वीजवाहिनी", "अखंडित पुरवठा", "अर्जदाराची होणारी गैरसोय". माझ्या टेबलाचा रिवाज आहे. अर्ज मोठ्याने वाचायचा, अर्जदाराने प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणायचे, मगच अंगठा. मी वाचत गेलो. बाबा नुसते कागदाकडे बघत राहिले.

"व्हय म्हणा की."

"कशाला म्हनू? समदं झ्याक लिवलंय. पन यात माझी म्हातारी कुठं हाय?"

गैरसोय या शब्दात त्या आल्या, असे मी समजावले.

"न्हाई मावायची ती तेवढ्यात. लई जाड हुती पयलं." ते हसले. मग सावलीकडे बघत हळूहळू बोलू लागले, "लाईन गेली की ती माझ्याकडं बघती. बोलत न्हाई. मी पुठ्ठ्यानं वारा घालतो. वारा लागतो तिला, पन दम काय पुरत न्हाई. मंग मी आपला बल्बकडं बघत बसतो, कवा पेटतोय म्हनून."

मी नवा कागद घेतला आणि हे सारे त्याच क्रमाने उतरवले. लाईन हा शब्द तसाच ठेवला. या खेपेस प्रत्येक वाक्याला "व्हय" आले. शेवटचे तर ऐकूही न येण्याइतके हलके. वीज कार्यालयातल्या साहेबांनी तो अर्ज उभ्यानेच वाचून संपवला, असे मला नंतर कळले. त्यात मला नवल वाटले नाही.

पुढे काही महिन्यांनी सोनईला जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून वस्तीवर गेलो. खांबावर नवी तार चकाकत होती. भर दुपार, दार उघडे. आत मशीन भुंग्यासारखे संथ घुमत होते आणि खाटेवर बाईंची छाती त्या आवाजाबरोबर वरखाली होत होती. खाटेला टेकून, तोंड उघडे टाकून, बाबा गाढ झोपले होते.

मी हाक मारली नाही. चपला हातात घेऊन अंगणातून मागे फिरलो.