डावा हात कुणावर गेला

सकुबाईचा गळा गावात नावाजलेला. मुरबाडच्या पुढं डोंगराकडे रस्ता वळतो तिथलं गाव. बायकांच्या भजनात चाल ती उचलायची आणि बाकीच्या मागून यायच्या. पण इतकी वर्षं भजन करूनही तिनं चारचौघांत कधी एकतारी हातात घेतली नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "मला आपले टाळच बरे, गो."

खरी गोष्ट अशी, की ती जन्माची डावखुरी. लहानपणी जेवताना आई तिचा डावा हात फडक्यानं पाठीशी बांधून ठेवायची, तेव्हा कुठं घास उजव्यानं तोंडात जायला लागला. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, "सासरी बोलू नको. डाव्या हाताची सून कुणाला नको असते." सकुबाईनं ते असं पाळलं की नवऱ्यालाही पत्ता लागला नाही. कापणीला विळासुद्धा उजव्यानं चालवायची, मागं पडली तर पडली. घरात कुणी नसलं की मात्र दार लोटून सासऱ्यांची एकतारी खुंटीवरून काढायची आणि डाव्या बोटानं तार छेडायची. देवाच्या तारेला डावा हात लावला म्हणून मग देव्हाऱ्यापुढं नाक घासायची. पण तार डाव्यानंच बोलायची, त्याला ती तरी काय करणार?

हे झाकून राहिलं असतं. पण तिच्या मुलाची, हरेशची, पोर मनस्वी डावखुरी निघाली. पोर डाव्या हातानं भात चिवडते म्हणून शेजारणी बघायला लागल्या, आणि सकुबाईच्या तोंडून निघून गेलं, "आमच्यात नाय बाबा असं कोण. रेश्माच्या माहेराकडनं आलं असंल."

खोटं एकदा बोललं की त्याला रोज पाणी घालावं लागतं. सून रेश्मा सापगावची. तिची आई बाईजाबाई नातीला बघायला आली, तर सकुबाईनं तिलाही भरल्या घरात ऐकवलं. बिचारी विहीण हात जोडून म्हणाली, "असंल ताई, आमच्यातलं कुणाचं तरी. पोरीला संभाळून घ्या." रेश्मा चुलीपाशी खाली मान घालून भाकऱ्या थापत होती. सकुबाईला ते दिसलं, तरी ती बोलायची थांबली नाही. उलट पुढं मनस्वीनं एकतारीला डावा हात लावला की हीच आजी तिच्या बोटांवर चापट द्यायची.

यंदा गावच्या सप्ताहात दुपारचा वीणेचा पहारा पहिल्यांदाच बायकांना मिळाला. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकवायची नाही आणि मुकी होऊ द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं, असा रिवाज. सप्ताह चालवणारे राघोबुवा म्हणाले, "पयली वीणा सकुबायच्या गळ्यात." देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? सकुबाईनं घरी उजव्या हातानं सराव केला. थोडा वेळ निभायचं, मग बोट अडखळायचं. थोड्याच वेळाचं तर काम, म्हणून ती उभी राहिली.

तिच्यानंतर निशिगंधाची पाळी. ती कल्याणला गेलेली, आणि येताना तिची जीप वाटेतच बंद पडली. देवळामागं पुरुषांची पंगत बसलेली. टाळ धरून समोर उभ्या असलेल्या बायकांनी कधी वीणेला हात लावलेला नाही. सकुबाईचं उजवं बोट आधी दुखलं, मग बधिर झालं. तार कधी लागे, कधी नुसता नखाचा आवाज येई. विठ्ठलाकडं बघून ती मनात म्हणाली, "आता तूच बघ रे." आणि तेवढ्यात वीणा गप्प झाली.

"अगो सकुबाय, वीणा! वीणा!"

त्या हाकेसरशी तिनं वीणा दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि डावं बोट तारेवर ठेवलं. तार अशी खणखणीत बोलली की टाळांचा ठेका आपोआप चढला. सकुबाईनं डोळे मिटून घेतले. उघडायची हिंमतच होईना. ऐकू मात्र आलं.

"आई, बघ! आजीचा पण डावा!"

मनस्वी होती ती. बायका फिसकन हसल्या. सकुबाईनं डोळे उघडले, तर दारात पंगतीचा पाण्याचा जग घेऊन रेश्मा उभी. ती हसली नव्हती.

निशिगंधा धापा टाकत आली. वीणा तिच्या गळ्यात गेली, पाया पडून झालं. सकुबाई बाहेर पंगतीकडं आली तशी बायकांनी गराडा घातला.

"उजवा हात भरून आला म्हणून डाव्यानं धरलीस ना गो? वेळ राखलीस बाय!"

"देव माफ करतो अशा टायमाला."

सुटायची वाट त्यांनीच करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सकुबाईची मान अर्धी हललीसुद्धा. पण रेश्मा तिथंच पंगतीत पाणी वाढत होती, आणि पुन्हा तिची मान तशीच खाली गेलेली, भाकऱ्या थापताना गेली होती तशी. सकुबाईला स्वतःची किळस आली.

"नाय," ती म्हणाली. आवाज फाटला. "मी डावखुरीच हाय, आईच्या पोटातनं. मनस्वी माझ्यावर गेलीय. रेश्माच्या माहेराला मी उगाच नावं ठेवली."

कुणीतरी पदर तोंडाला लावून पुटपुटलं, "बाई गो! आणि आमाला सांगत फिरायची..."

सकुबाईनं ते खालमानेनं ऐकून घेतलं. रेश्मानं जग खाली ठेवला. वाटलं, आता ही चार शब्द तोडून बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"हे माझ्या आईला ऐकायला पायजे होतं," रेश्मा हळूच म्हणाली. "जाईपर्यंत मला विचारायची, आपल्याकडं कोण होतं गो डावखुरं? तिला कोणच आठवत नव्हतं."

जग उचलून ती पुढच्या पानाकडं वळली. सकुबाई हात जोडून उभी राहिली, विहीणबाई उभी राहिली होती तशी. पण ते हात ज्यांना दिसायला हवे होते, ते डोळे मागच्या पावसाळ्यातच मिटले होते.